आधी तारीख सांग

सुकाणीचाचांच्या घरी राहायला गेलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी ऑफिसच्या सात पत्रांवर चुकीची तारीख घातली. खरं तर चूक माझी नव्हती. सकाळी घाईत निघताना मी भिंतीवरच्या फाडायच्या कॅलेंडरकडे बघायचो आणि तीच तारीख डोक्यात घेऊन टाइपरायटरपुढे बसायचो. सातव्या पत्राला साहेबांनी मला आत बोलावलं, पत्र माझ्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "या तारखेला तू कुठे होतास?"

"रत्नागिरीला, साहेब."

"मग हे पत्र रत्नागिरीहून लिहिलंस काय?"

संध्याकाळी मी तणतणत घरी आलो आणि चाचांना कॅलेंडर दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, कॅलेंडर नीट बघितलं आणि म्हणाले, "बरोबर तर हाय. आज बारा."

"चाचा, आज दोन आहे. पुढच्या महिन्याची."

"ती तुझ्या ऑफिसात असेल," ते म्हणाले आणि कांदा चिरायला बसले.

ही साठीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा दुबई म्हणजे खाडीच्या दोन काठांवर वसलेलं एक गाव होतं. दिरहॅम हा शब्दही कुणी ऐकला नव्हता, आपल्या रुपयाचाच एक भाऊबंद तिथे चालायचा. गोडं पाणी गाढवावरून डब्यांनी यायचं. खाडीच्या देरा बाजूला, मासळीबाजाराच्या मागे, एका अरबाचं जुनं दगडी घर चाचांनी भाड्याने घेतलं होतं आणि त्यात आपल्याकडच्या, म्हणजे रत्नागिरी-कुलाब्याकडच्या कोकणी मुसलमानांच्या पोरांना ते ठेवून घेत. स्वतः दापोलीकडचे. पंचवीस वर्षं आगबोटीवर सुकाणी होते. कप्तान सांगेल त्या दिशेला चाक धरून उभं राहायचं, हे त्यांचं काम. त्यांना नाव होतं, पण ते पासपोर्टातच राहायचं. सगळं देरा त्यांना सुकाणीचाचा म्हणायचं.

त्यांचं कॅलेंडर वीस दिवस मागे का होतं, हे मला हळूहळू कळलं. त्यांचा भाचा मुंबईला डोंगरीत राहायचा. तो दर पंधरवड्याला मराठी पेपरांचा एक गठ्ठा सुतळीने बांधून बोटीवर चढवायचा. बोट पाच-सहा दिवसांनी दुबईच्या समोर नांगर टाकायची, गठ्ठा मचव्यातून किनाऱ्यावर यायचा आणि चाचांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जाऊन पडायचा. ट्रंकेला कुलूप आणि किल्ली चाचांच्या गळ्यात. रोज पहाटेच्या नमाजानंतर ते एकच पेपर काढायचे. सगळ्यात जुना. आणि त्या पेपरावर जी तारीख असेल ती त्या घरातली आजची तारीख. पेपर काढला की कॅलेंडरचं एक पान फाडायचं. पुढचा पेपर उघडायची कुणाला मुभा नव्हती, खुद्द चाचांनासुद्धा नाही.

"एकदा एडनला मला महिन्याचे पेपर एकदम मिळाले," ते सांगायचे. "बेअक्कल मी, एका दुपारात वाचून काढले. मग कोलंबोपर्यंत वाचायला काय? दुधाच्या डब्यावरचं लेबल! नऊ दिवस तेच लेबल वाचलं मी." तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. रोज एक पेपर, आणि तोही पूर्ण.

पूर्ण म्हणजे अगदी पूर्ण. आम्ही आठ-नऊजण अंगणात चटईवर चहा घेत बसायचो आणि चाचा पेपराच्या नावापासून सुरुवात करायचे. मग अग्रलेख, कोर्टाचे निकाल, नाटकांच्या जाहिराती, हरवले-सापडले. 'वधू पाहिजे' दोनदा वाचायचे, कारण घरात सहा ब्रह्मचारी होते. बाजारभाव तर इतक्या गंभीरपणे वाचायचे की लासलगावचा कांदा उतरला म्हणून आमचे चेहरे उतरायचे. आमच्यापैकी कुणाच्या सात पिढ्यांत कुणी कांदा पिकवला नव्हता. शेवटी छापखान्याचा पत्ता वाचायचा, पेपर घडी करायचा आणि "चला, आजचा दिवस कळला," म्हणून उठायचं.

बोटीवरच्या आणखीही सवयी अंगात मुरल्या होत्या. डावं-उजवं त्यांना माहीतच नव्हतं. जेवताना म्हणायचे, "ते लोणचं जरा पोर्टला सरकव." पोर्ट म्हणजे डावीकडे, पण नवीन माणूस बिचारा बंदर शोधत दाराबाहेर बघायचा. चालताना ते मधेच थांबायचे, मागे वळून आपण कुठून आलो ते बघायचे आणि मग पुढे जायचे. आणि कुणीही काहीही बातमी आणली, की त्यांचा एकच प्रश्न असायचा. "आधी तारीख सांग."

तारीख सांगितली की ते बोटांवर मोजायचे आणि म्हणायचे, "मग अजून माझ्याकडे व्हायचंय ते."

आम्ही त्यांची खूप थट्टा करायचो. तेही हसायचे. पण एकदा आमची थट्टा आमच्याच घशात अडकली. आपले पंतप्रधान वारले, तेव्हाची गोष्ट. रेडिओवर बातमी आली, देरातल्या हिंदी माणसांनी दुकानं बंद केली, मोठमोठे पुरुष रस्त्यात उभे राहून रडले. चाचा त्या दिवशी मासळीबाजारात गेले, सुरमई घेऊन आले, कालवण केलं आणि आम्हाला वाढलं. आम्हाला राग आला, एक-दोघं तर जेवलेच नाहीत. वीस दिवस गेले. दुकानं केव्हाच उघडली होती, माणसं पुन्हा घासाघीस करायला लागली होती. आणि एका सकाळी चाचांनी पेपर उघडला, काळ्या चौकटीतली पहिली ओळ वाचली आणि ते थांबले. त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. मग उठून घराचा मोठा दरवाजा आतून बंद केला आणि चूल पेटवली नाही. त्यांच्याबरोबर आम्हीही दिवसभर घरात बसलो. पहिल्या वेळी मी रडलो नव्हतो. त्या दिवशी मला रडू आलं.

त्यांच्या घरात रेडिओला बंदी नव्हती, पण त्यांच्या समोर तो लावायचा नाही असा संकेत होता. माझ्याकडे एक ट्रान्झिस्टर होता. त्याला चामड्याचं कव्हर होतं, आणि तो खांद्याला अडकवून बाजारातून जाताना मी स्वतःला कुणीतरी समजायचो. चाचा त्याला 'डबा' म्हणत.

"हा डबा बोलतो आणि गप होतो," ते म्हणायचे. "काय म्हणालास रे, म्हणून परत विचारलं तर उत्तर देतो काय? पेपर परत उघडता येतो. आणि हा दिवसात सात वेळा घाबरवतो. माणसाने दिवसातून एकदा घाबरावं, तेवढं पुरे."

माझी बायको जैनब पुढच्या वर्षी गावाहून आली. ब्रह्मचाऱ्यांच्या घरात जोडपं कसं ठेवायचं, हा प्रश्न चाचांनी एका दुपारात सोडवला. वरची हवेशीर खोली त्यांची होती. वारा पकडून खाली आणणारा छपरावरचा मनोरा त्याच खोलीत उघडायचा, आणि त्या उकाड्यात ती खोली म्हणजे वैभव होतं. आपली ट्रंक, चटई आणि कॅलेंडर उचलून ते खाली स्वयंपाकघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत गेले. मी नको-नको म्हणत होतो. "मला झोपेत हालणारी जमीन लागते," ते म्हणाले. "वर काय, खाली काय, इथली जमीन हालतच नाही."

जैनबला दिवस गेले. आम्ही आनंदलो, पण तो आनंद धास्तीचा होता. गावी असताना आमचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर ती सहा महिने कुणाशी धड बोलली नव्हती. या वेळी तिला काही पचेना. रोटी नको, डाळ नको, मटणाचा वाससुद्धा नको. पोटात राहायचं ते फक्त भात आणि चाचांच्या हातचं माशाचं कालवण. चाचा रोज मासळीबाजारात जायचे, त्यांच्या ओळखीच्या म्हाताऱ्या अरब कोळ्यापुढे उकिडवे बसायचे आणि एकेका माशाच्या डोळ्यात डोळे घालून बघायचे. डोळा पटला तरच मासा घरी यायचा. जैनबच्या गालांवर हळूहळू रंग चढू लागला.

अशात ती बातमी आली.

युरोपातल्या कुठल्याशा किनाऱ्यावर अणुबॉम्ब घेऊन जाणारं लष्करी विमान कोसळलं होतं आणि त्यातला एक बॉम्ब समुद्रात पडून सापडत नव्हता. एवढंच खरं होतं. पहिल्या दिवशी माझ्या डब्याने एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका स्टेशनवर कुणीतरी विचारलं, की बॉम्बमधलं विष पाण्यात मिसळलं तर? तिसऱ्या दिवशी दुसऱ्या स्टेशनवर 'तर' गळून पडला होता. चौथ्या दिवशी समुद्र सगळे एकमेकांना जोडलेले आहेत असा शोध लागला. आणि आठवडाभरात खाडीकाठच्या चहावाल्याकडे प्रत्येकाला ठाऊक झालं होतं, की आखातातले मासे खाल्ले तर माणसाचे केस गळतात आणि पोटातलं मूल वेडंवाकडं जन्मतं.

शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि चहा तसाच टाकून घरी आलो.

चाचांना मी सगळं सांगितलं. त्यांनी तारीख विचारली, बोटं मोजली, पण यावेळी तेवढ्यावर थांबले नाहीत. "तिथून इथे यायचं तर सुवेझ, मग तांबडा समुद्र, मग एडन, मग मस्कतला वळसा," ते म्हणाले. "ते चाक मी हातात धरलंय. मासा काय तिकीट काढून येतो?"

"पाणी तर येतं ना, चाचा."

"येईल. माझ्यापेक्षा हळू येईल."

पण मी मॅट्रिक झालेला माणूस. रेडिओवर इंग्रजीत बोलणाऱ्या शास्त्रज्ञाला सोडून चौथी पास सुकाण्याचं कसं ऐकणार?

त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातला नागपूरचा टायपिस्ट शुक्रवारी जुमेराच्या किनाऱ्यावर फिरायला गेला आणि पांढराफटक पडून थेट आमच्या घरी आला. किनाऱ्यावर हजारो मासे मरून पडलेत, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, असं त्याने दारातूनच सांगितलं. घरातले सगळे उठून उभे राहिले. चाचांनी त्याला पाणी दिलं.

"पाण्यात होते की वाळूत?" त्यांनी विचारलं.

"वाळूत."

"केवढे?"

"बारीक. बोटाएवढे."

"इकडेतिकडे पडलेले, की रांगेत?"

टायपिस्टाने आठवून बघितलं. "रांगेतच होते. चांगले ओळीने."

"अरे बाबा," चाचा म्हणाले, "मेलेला मासा कधी रांग लावून मरतो काय? तारली सुकत घातलीत ती, उंटांना घालायला."

आम्ही पोट धरून हसलो. आम्ही सगळे समुद्राकाठी जन्मलेलो, दरवर्षी तिथे तारली सुकताना बघत आलेलो, पण टायपिस्ट बोलत होता तोवर आमच्यापैकी एकालाही ते आठवलं नव्हतं. याचं मला आजही नवल वाटतं. त्याहून नवल म्हणजे दुसऱ्या दिवशी चहावाल्याकडे तेच मेलेले मासे पुन्हा भेटले, या वेळी दोन किनाऱ्यांवर, आणि आमच्याच घरातला एकजण मान हलवत ऐकत होता. भीतीला आता माशांची गरज उरली नव्हती.

मासळीबाजार ओस पडला. म्हातारा अरब कोळी टोपल्यांपुढे बसून माश्या हाकलायचा आणि कुणी विचारलं तर हात झटकून म्हणायचा, "खलास, हबीबी." घरात फक्त चाचा मासे खात राहिले. त्यांच्या तारखेत अजून काहीच झालं नव्हतं. आम्ही डाळ खायचो आणि ते समोर बसून सुरमईचा काटा काढायचे. जैनब दाराशी उभी राहून वास घ्यायची आणि मग आत निघून जायची.

मी तिला मासा खाऊ दिला नाही. हे मी इथे स्पष्ट लिहून टाकतो, कारण पुढे अनेक वर्षं मी सांगताना 'आम्ही ठरवलं' असं म्हणायचो. ठरवलं मी. ती एकदाच म्हणाली, "अहो, चाचा खातात ना?" मी म्हणालो, "चाचांच्या पोटात मूल नाही."

दोन आठवड्यांत तिचे गाल पुन्हा आत गेले. डाळ उलटायची, अरबांची रोटी, ते खुबूस, तेही उलटायचं. खाडीपलीकडच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, हिने खाल्लं पाहिजे. मी माशांचं विचारलं, तर म्हणाले, "ऐकलंय मीही. खरं-खोटं माहीत नाही. जपलेलं बरं." त्या एका वाक्याने मी निर्णय घेतला. जैनबला गावी पाठवायचं. सहा दिवसांची बोट, तेही अशा अवस्थेत, आणि त्याच गावी जिथे तिचं पहिलं मूल गेलं होतं. तिला जायचं नव्हतं. ती रडली नाही, भांडली नाही, फक्त पेटी भरताना प्रत्येक कपडा दोनदा घडी घालत होती. मुंबईहून आलेली बोट बसऱ्यापर्यंत जाऊन आठ दिवसांनी परत दुबईला लागणार होती. त्याच बोटीत तिची जागा घेतली.

आणि त्याच बोटीने चाचांचा गठ्ठा आला होता.

मी हिशेब केला. या गठ्ठ्यात विमान पडल्याची बातमी असणार आणि त्यानंतरचे दहा-बारा दिवसही असणार. मी चाचांच्या खोलीत गेलो. "चाचा, एकदा पुढचे पेपर उघडून बघू या ना. मुंबईच्या लोकांना काय कळलंय, ते तरी कळेल."

त्यांनी किल्लीवर हात ठेवला. "वेळ आली की कळेल."

"तोवर बोट जाईल."

"कुठली बोट?" ते म्हणाले. मी तिथून निघून आलो. मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे, त्याला माणसापेक्षा कागद प्यारा आहे. जैनबला पाठवतोय हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, हे त्या रागात माझ्या लक्षातही आलं नाही.

आमच्यात रीत आहे. लांबच्या प्रवासाला निघायचं, तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जाऊन कहा-सुना माफ करून घ्यायचं. म्हणजे आजवर काही चुकीचं बोलले-वागले असेन तर माफ करा, पुन्हा भेट होईल न होईल. बोट यायला चार दिवस होते. जैनबने सकाळीच डोक्यावरून पदर घेतला आणि अंगणात, पेपरवाचन संपता संपता, चाचांसमोर जाऊन उभी राहिली.

"चाचा, कहा-सुना माफ करा. चुकीमाकीचं बोलले असेन."

चाचांनी वर बघितलं. "कुठे निघालीस?"

"गावी. मंगळवारच्या बोटीने."

"का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होतो.

"खायला काय नाय पचत मला इथे," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चिरकला.

चाचांनी हातातला पेपर घडी केला. मग ते उठले आणि आपल्या खोलीत गेले. ट्रंकेचं कुलूप वाजलं. बाहेर आले तेव्हा उरलेला सगळा गठ्ठा त्यांच्या हातांत होता. त्यांनी तो चटईवर ठेवला, सुतळीची गाठ सोडायला गेले, पण ती सुटेना. मी पुढे झालो, तर म्हणाले, "नको. मीच सोडतो."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. नेहमीसारखी, पेपराच्या नावापासून. कुणीतरी म्हणालं, "चाचा, नुसती तीच बातमी बघा ना." त्यांनी ऐकलंच नाही. विमान पडल्याची बातमी आली, एका बोटाएवढी. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या पानावर चढली. मग नकाशा आला. मग सात तारखेला अर्ध्या पानाचा मथळा, 'आखाती समुद्रातही विष?', आणि खाली आमच्याच चहावाल्याकडच्या गप्पा जशाच्या तशा. आता त्या मुंबईला जाऊन छापून परत आल्या होत्या, त्यामुळे आम्हाला त्या जास्तच खऱ्या वाटल्या. मग वाचकांची पत्रं सुरू झाली. एकाने लिहिलं होतं, की आपल्या किनाऱ्यावर अणूपासून वीज करायचं केंद्र बांधायला घेतलंय, उद्या आपल्या समुद्रातल्या माशांचं काय?

चाचा थांबले. "हा प्रश्न बरा हाय," ते म्हणाले. "हा विचारत राहायला पाहिजे." आणि पुढे वाचू लागले.

ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढलं. आम्ही कुणी ऑफिसला गेलो नाही. चाचांचा घसा बसला, जैनबने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं, ते प्यायले आणि लासलगावचा कांदा वाचू लागले. एवढ्या काळजीच्या दिवशीही त्यांनी कांदा सोडला नाही. आणि गठ्ठ्यातल्या शेवटून दुसऱ्या पेपरात, पाचव्या पानावर, कांद्याच्या खाली आणि गुळाच्या वर, चार ओळी होत्या. त्यांनी त्या एकदा वाचल्या. परत वाचल्या. मग पेपर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू वाच. तू मॅट्रिक."

मी वाचलं. सात तारखेच्या अंकातला आखाती समुद्राविषयीचा मजकूर ऐकीव माहितीवर आधारलेला होता. तो समुद्र अपघाताच्या जागेपासून फार दूर असून तिथले मासे दूषित झाल्याचा कोणताही पुरावा नाही, असं जाणकारांनी कळवलं आहे. वाचकांच्या मनात विनाकारण भीती निर्माण झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

अर्ध्या पानाची भीती होती आणि चार ओळींची माफी. आमच्यापैकी कुणीही तो पेपर उघडला असता, तर मथळे बघून मिटला असता. कांदा वाचणारा एकच माणूस त्या घरात होता.

"पेपरही चुकतो," चाचा बसलेल्या आवाजात मला म्हणाले. "पण चुकला तर कधीतरी कबूल करतो. तुझ्या डब्याने कबूल केलेलं ऐकलंस कधी?"

मी खरंच आठवून बघितलं. नव्हतं ऐकलं.

ते उठले, टोपी घातली आणि मासळीबाजारात गेले. त्या दिवशी त्यांनी माशाच्या डोळ्यात किती वेळ बघितलं कोण जाणे, पण आणलेली सुरमई अशी होती की तशी मी नंतर पाहिली नाही. कालवण झालं. जैनबच्या ताटात वाढलं आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मला भीती वाटली. चार ओळींनी भीती जात नाही, ती इतकी लवकर जात नसते. मी तिच्या ताटातला पहिला घास उचलून स्वतः खाल्ला. मग ती जेवली. दोनदा भात मागून घेतला. चाचा भिंतीकडे तोंड करून पाणी पीत होते, बराच वेळ पीत होते.

बोटीतली जागा मी रद्द केली.

चाचांचे मात्र त्यानंतर फार हाल झाले. कॅलेंडरची पानं त्यांनी त्या दिवशी एकेका पेपराबरोबर फाडली होती, त्यामुळे ते एकदम आमच्या बरेच जवळ येऊन पोहोचले होते आणि पुढचा गठ्ठा यायला अवकाश होता. सकाळी नमाज झाला की ते ट्रंकेपाशी जायचे, रिकाम्या ट्रंकेत बघायचे आणि परत यायचे. अंगणात येरझारा घालायचे. आमच्या हातातल्या बिस्किटाच्या पुड्यावरचा कागद मागून घ्यायचे. मला अपराधी वाटायचं. मी एकदा म्हटलं, "चाचा, डबा लावू का?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी परत विचारलं नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी सगळे पेपर पुन्हा तारखेप्रमाणे लावले, सुतळीने बांधले, ट्रंकेत टाकले, कुलूप लावलं. फाडलेली कॅलेंडरची पानं शोधून आणली आणि भाताच्या खळीने परत चिकटवली. आणि दुसऱ्या सकाळी, जणू काही झालंच नाही अशा थाटात, पहिल्यापासून वाचायला बसले. आम्हीही बसलो. विमान पुन्हा पडलं. नकाशा पुन्हा आला. सात तारखेचा मथळा त्यांनी असा दचकून वाचला, की नागपूरचा टायपिस्ट, जो त्या दिवशी सहज आला होता, खरोखर घाबरला.

"आता काय करायचं?" चाचांनी पेपर खाली ठेवून गंभीरपणे विचारलं. "मासे खायचे की नाय?"

स्वयंपाकघराच्या दारातून जैनब कालथा हातात घेऊन म्हणाली, "थोडे दिवस थांबा चाचा. कांद्याखाली बघून सांगते."

इतकं खळखळून हसताना मी तिला गावाहून आल्यापासून पहिल्यांदाच बघितलं.

पावसाळ्यात आम्हाला मुलगी झाली. पावसाळा म्हणजे गावचा, दुबईत नुसती आग होती. मुलगी धडधाकट होती, डोक्यावर हे एवढे केस. हॉस्पिटलातून घरी आणली तेव्हा चाचा अंगणात उभे होते. मी थट्टेने म्हटलं, "चाचा, तुमच्याकडे ही अजून जन्मायचीय. वीस दिवस आहेत." त्यांनी तिला हातात घेतलं, सुकाण्याच्या त्या राकट हातांत ती मावून वर जागा उरेल इतकी लहान होती, आणि त्यांनी वाकून तिच्या डोळ्यांत बघितलं. बराच वेळ.

"ताजी हाय," ते म्हणाले.

पुढे चाचा थकले आणि दापोलीला गेले. आम्ही शारजाला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. घरात टीव्ही आला, दिरहॅम आला, मुलगी इंग्रजी शाळेत जाऊ लागली. चाचांना मी अधूनमधून पत्र टाकायचो, ते उत्तरात तिकडचे माशांचे हालहवाल कळवायचे. एका गुरुवारी त्यांच्या भाच्याचं पत्र आलं. चाचा गेले होते. पत्र कुठेतरी अडकून पडलं असावं. तारीख बघितली, तर अठरा दिवस झाले होते. त्या अठरा दिवसांत मी एकदा त्यांची थट्टा करून हसलो होतो, आणि एकदा माशाच्या डोळ्यावरून जैनबशी वाद घालताना त्यांचा दाखलाही दिला होता.

मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून पत्र वाचत होती. तिला मराठी अक्षरं जेमतेम लागायची, पण तारीख लागली.

"बट अब्बा," ती म्हणाली, "दॅट्स एटीन डेज अगो."

"नाही बेटा," मी म्हणालो. "आज."

जैनब उठली. फ्लॅटचं दार तिने आतून बंद केलं, मग स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. कढईत सुरमई होती, ती तशीच राहिली. आम्ही तिघं त्या दिवशी घरात बसून चाचांसाठी रडलो.